नस तारते ते नस्तर

आमच्या घरात ते देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात असायचं, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. माझ्या मधल्या बोटाएवढं लांब, मूठ पितळेची आणि पुढे बांबूच्या कोवळ्या पानासारखं निमुळतं पातं. माणसाच्या हाताची नस उघडून रक्त काढायचं ते हत्यार. आंबागडात त्याला नस्तर म्हणत, आणि या नावाचा अर्थ गावात कुणालाही विचारला तरी एकच उत्तर मिळायचं, कारण ते उत्तर आमच्याच घरानं गावाला शिकवलं होतं. 'नस तारते, म्हून नस्तर.' दुखणेकरी आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, येऊन बसला की त्याच्या दंडाला पट्टी आवळता आवळता बाबा हे वाक्य म्हणत. घाबरलेला माणूस ते ऐकून हात सैल सोडायचा. मीही लहानपणी ते इतक्या वेळा ऐकलं, की मराठीच्या पुस्तकात कुठे 'तारणे' हा शब्द आला तरी मला पितळेची मूठच दिसायची.

आम्ही शेतकरी माणसं. गावच्या तलावाखाली धानाच्या सहा बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, होत्या, त्यावर घर चालायचं. नस्तर घरात आलं ते आज्याच्या काळात. गुरांच्या बाजाराला निघालेल्या एका तांड्यातला म्हातारा जर्राह, म्हणजे जखमा-फोडांचं बघणारा मुसलमान वैद्य, तापानं फणफणून आमच्या गोठ्यात पडला. तांडा पुढे गेला आणि तो मागे राहिला. आज्यानं चार महिने त्याला भात घातला. गाव त्याला मियाँ म्हणायचं, खरं नाव कुणी विचारलं नाही. जाताना त्यानं हत्यार आज्याला दिलं आणि ते चालवायचं कसं हेही शिकवलं. हत्यारासोबत त्याचं नावही त्याच्याच बोलीतलं आलं. एवढी हकीकत घरात सगळ्यांना माहीत होती. याच्या पलीकडे काही आहे, हे मला अठरा वर्षांची होईपर्यंत कळलं नाही.

लोक कशाकशासाठी येत ते आज सांगितलं तर हसू येईल. डोकं जड झालं, पाठ धरली, अंगाला खाज सुटली, कानात आवाज येतो, नवरा फार रागावतो. सगळ्यावर एकच, रक्त खराब झालं. दुखणेकऱ्याला उन्हाकडे तोंड करून बसवत. दंड आवळला की कोपराच्या आतल्या बाजूला नस फुगून वर यायची. बाबा तिच्यावर दोनदा टिचकी मारत आणि तिसऱ्या टिचकीच्या जागी नस्तर टेकवत. काशाच्या वाटीत रक्त पडताना आधी टण्‌ आवाज व्हायचा, मग वाटी भरत आली की तो बसका होत जायचा. पहिलं रक्त काळसर असायचं. 'कारं गेलं, लाल आलं, आता बांध,' असं बाबा स्वतःशीच बोलत आणि राखेची चिमूट दाबून चिंधी बांधत. माझी माय या सगळ्यापासून दूर राहायची. ती वाटी तिनं कधी चुलीजवळ येऊ दिली नाही. दुखणेकऱ्याला मात्र ती न विसरता आंबिलीचा पेला द्यायची, वर गुळाचा खडा. मला वाटतं, निम्मे लोक त्या आंबिलीनंच बरे होत असावेत. अंगणवाडीत तीस वर्षं बायकांना खायला-प्यायला सांगत फिरले, त्यानंतर सुचलेलं हे शहाणपण आहे. तेव्हा मी बाबांच्या बोटांकडेच बघत असायचे.

मग एका हिवाळ्यात बाबांना झटका आला. तोंड चार दिवसांत सरळ झालं, पाय महिन्यानं. उजव्या हाताची पकड मात्र गेली ती गेलीच. दादाला, माझ्या मोठ्या भावाला, रक्त बघवत नव्हतं. श्रावणदादा म्हणजे सहा फूट उंच माणूस, पण कोंबडी कापायलाही शेजाऱ्याला हाक मारायचा. तेव्हा बाबांनी मला शिकवलं. आधी भोपळ्याच्या देठावर, मग केळीच्या दांड्यावर, मग त्यांच्या स्वतःच्या निकामी हातावर. मुलीनं हे करू नये असं गावात चार लोक बोलले, पण बायकांना ते बरं वाटलं. पुरुषाच्या हातात हात देण्यापेक्षा त्या माझ्याकडे निवांत बसत. पट्टी आवळताना मीही म्हणू लागले, नस तारते, घाबरू नका. आणि मला अभिमान वाटायचा, हे लपवून उपयोग नाही. तुमसरच्या शाळेत दहावी झालेली, सायकल चालवणारी आणि वर नस्तर चालवणारी मुलगी पंचक्रोशीत मी एकटीच होते.

दादाचं लग्न बाबांच्या दुखण्याआधी एक वर्ष झालेलं. वहिनी बपेऱ्याची, नाव कौसल्या, पण तिच्या माहेरी सगळे कवसला म्हणत, म्हणून आमच्याकडेही तेच रूढ झालं. माझ्याहून एकच वर्षानं मोठी. बारीक, काळीसावळी. गालावर हाडं वर आलेली आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीचा हलका रंग. माय सुरुवातीला म्हणायची, लग्नाची हळद पोरीच्या डोळ्यात गेली वाटते. सासरी येऊन चार दिवस झाले नाहीत तर तिनं माझं अर्धं काम काढून घेतलं. तांदळाचे आयते, आमच्याकडचे घावन, ती इतके पातळ करायची, की त्यातून चुलीचा जाळ दिसायचा. लाखोरीच्या डाळीला ती लसणाची फोडणी उशिरा द्यायची आणि ताटलीनं झाकून ठेवायची. ते झाकण काढताना जो वास सुटायचा तो मला पुढं कुठल्याच घरात मिळाला नाही. रोवणीत तिच्या हाताला वेग होता. वाकून धानाचे पऱ्हे लावत ती मागे सरकायची तेव्हा आम्ही चार बायका तिच्या मागे पडायचो. पण दोन-तीन दिवस असं काम झालं, की ती रात्री जेवायची नाही, आणि सकाळी उठून बसायला भिंत धरायची.

तिचं पहिलं मोठं दुखणं लग्नानंतरच्या रोवणीतलं. दिवसभर गार पाण्यात उभी होती, आणि संध्याकाळी घरी येताना बांधावरच बसली. मांड्या, कंबर, छातीचं हाड, सगळं एकदम ठणकायला लागलं. कुणी हाडं खलबत्त्यात घालून कुटतंय असं वाटते, म्हणाली. बाबांचा हात तेव्हा धड होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी रक्त काढलं. तिसऱ्या दिवशी दुखणं उतरलं. आता मला माहीत आहे, की ते तसंही तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरलंच असतं, तशीच त्या दुखण्याची चाल असते. पण तेव्हा घरात सगळ्यांनी मानलं, की नस्तरानं उतरवलं. सगळ्यात जास्त वहिनीनं मानलं.

पुढच्या वर्षीची रोवणी आली तेव्हा वहिनीला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. हे तिनं फक्त मला सांगितलं, तलावावर कपडे धुताना, आणि तेही मी मळमळीबद्दल विचारलं म्हणून. अजून कुणाला सांगितलं नव्हतं, दादालाही नाही. एवढी रोवणी होऊ दे, मग सांगीन, आत्ता सांगितलं तर मले घरी बसवतीन, असं तिचं म्हणणं. मला ते गुपित मिळाल्याचा आनंदच झाला. चार दिवस मी तिच्याकडे बघून उगाच हसत होते.

पाचव्या दिवशी तिला बांधीतून उचलून आणावं लागलं. या वेळचं दुखणं वेगळं होतं. तिला पडवत नव्हतं, बसवत नव्हतं. माय गरम विटेनं शेकत होती, तर त्या स्पर्शानंही ती दात चावायची. डोळे पार पिवळे झालेले. एक दिवस गेला, दुसरा गेला. दादा दाराशी उभा राहायचा, आत यायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी माय तिच्यासाठी पेज करायला उठली तेव्हा वहिनीनं माझं मनगट धरलं. ती म्हणाली, 'सिंधूबाई, काढ थोडं. मागच्या खेपी उतरलं होतं.' मी तिच्या पोटाकडे पाहिलं. तिला कळलं. 'मामाजीले सांगू नोको,' ती बाबांविषयी म्हणाली. 'सांगशीन तर ते काढू देणार नाईत. मले आता सोसत नाई.'

बाबांचा एक नियम होता. बाई समोर बसली की ते आधी विचारायचे, पोटाशी नाही ना? असेल तर हातही लावायचे नाहीत. मी डबा काढला, वाटी घेतली, वहिनीला धरून सपरीत आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. बाबा त्यांच्या खाटेवर होते. त्यांनी मान वळवून मला विचारलं, 'पोटाशी तर नाई ना हे?' आणि मी म्हटलं, 'नाई.' इतकं सरळ. जीभ अडखळली नाही. आज पन्नास वर्षं मी तो क्षण उलटून-पालटून बघते आहे. मी दयेनं खोटं बोलले, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. माझ्या हातानं ती बरी व्हावी, असंही मला वाटत होतं. बाबांनी मागच्या वर्षी केलं ते या वर्षी मी करून दाखवावं, असं.

नस सापडायला वेळ लागला. दंड आवळूनही ती नीट फुगेना. मी टिचकी मारली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. वहिनीनंही माझ्यासोबत ओठ हलवले. रक्त आलं ते पाहून मी थबकले. एवढं पातळ रक्त मी कुणाचं पाहिलं नव्हतं. लाल पाणी असावं तसं. वाटीत त्याचा आवाजही वेगळा, झिरझिर. बाबा खाटेवरून विचारत होते, कारं आहे का? मला सांगता येईना, कारण ना ते काळं होतं ना लाल. मी लाल होण्याची वाट पाहत राहिले. नेहमीपेक्षा जास्त गेलं. किती जास्त ते मला ठाऊक आहे, वाटी भरली होती आणि मी ती मोरीत रिकामी करून परत लावली होती. मग वहिनीची मान कलली, तेव्हा मी राख दाबली आणि बांधलं.

संध्याकाळपर्यंत ती गप्प पडून होती. दुखणं उतरलं असंच आम्हांला वाटलं. दादा पहिल्यांदा आत आला, तिच्या पायाशी बसला. सकाळी तिला रक्तस्राव सुरू झाला, आणि मायच्या सगळं लक्षात आलं. दादानं तुमसरला न्यायला गाडी जुंपली, गाडीत तनीस, धानाचा पेंढा, टाकून त्यावर गोधडी अंथरली. बैल जुंपून तो तिला उचलायला आत आला तेव्हा फार उशीर झाला होता. त्या सकाळचं सगळं मी इथं लिहीत नाही. बपेऱ्याला निरोप घेऊन गावातले दोघे जण सायकलीनं गेले. तिचे आई-बाप आणि धाकटी बहीण अनसूया दुपारी आले. सगळ्यांना सांगण्यात आलं, की पोट पडलं आणि त्यात गेली. खोटं नव्हतं ते. हातावरची चिंधी मायनं आधीच सोडली होती आणि बांगड्या वर सरकवल्या होत्या.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. घरात पाहुणे नव्हते. दादा बांधीवर गेला होता, माय घरामागच्या सांदवाडीत भांडी घासत होती. बाबांनी मला डबा आणायला सांगितला. मी आणला. त्यांनी डाव्या हातानं फडकं उलगडलं आणि नस्तर मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, 'याचं नाव तसं नाई. आपुन म्हनतो तसं.' मला वाटलं त्यांना पुन्हा भ्रम झाला. झटक्यानंतर कधी कधी व्हायचा.

पण ते सावकाश, नीट सांगत होते. मियाँनं आज्याला हत्यार देताना त्याचा अर्थ सांगितला होता. त्याच्या पोथीच्या भाषेत, फारसीत, 'नीश' म्हणजे डंख. विंचवाची नांगी. त्या नीशवरूनच हे नाव आलेलं. जो डंख मारतो तो नश्तर, आपल्या तोंडात त्याचं नस्तर झालं. आणि हे सांगताना मियाँनं ताकीद दिली होती, की हा डंख आहे, औषध समजू नका. ज्याच्या अंगात जोर असेल त्यालाच झेपेल. पांढऱ्या पडलेल्याला, उपाशी माणसाला, लहान पोराला, पोटुशीला शिवायचं नाही. आज्यानं पहिल्या वर्षी लोकांना तसंच सांगितलं. डंखाचं नाव ऐकून कुणी हात पुढे करेना. तेव्हा आज्यानं 'नस तारते' हा अर्थ शोधून काढला. नस हा शब्द त्यात होताच, बाकीचं जुळवलं.

मी विचारलं, 'तुमाले हे माईत होतं?'

'माईत होतं,' बाबा म्हणाले. 'आज्यानं मले सांगतलं होतं. पण रोज म्हनता म्हनता मलेच ते खरं वाटाले लागलं. पांढऱ्या पडलेल्याचंही मी काढत गेलो. पोटुशीचं तेवढं पाळलं. कवसलाचं मागच्या वर्षी काढाले नाई पाह्यजे होतं. तिच्या अंगात रगत होतंच कुठं.'

ते हे सगळं स्वतःवर घेत होते. मग मला राहवलं नाही. मी सांगितलं, की ती पोटाशी आहे हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरचं नस्तर फडक्यात गुंडाळू लागले, एका हातानं ते नीट जमेना, पण मला मदत करू दिली नाही. शेवटी एवढंच म्हणाले, 'श्रावणले हे सांगू नोको. त्यानं तुझ्या हातचं पानी पिनं सोडलं तर मी कोनाले तोंड दाखवू.' त्यानंतर कुणी रक्त काढायला आलं की ते आपला निकामी हात दाखवत, आणि पोरीला येत नाही म्हणत. दोन वर्षांनी माझं लग्न झालं. डबा माझ्यासमोर पुन्हा कधी निघाला नाही. दादानं पुढे दुसरं लग्न केलं, त्याला मुलं झाली. त्याच्याशी मी वहिनीविषयी एक शब्द बोलले नाही, आणि तोही नाही. फक्त दर वर्षी रोवणीच्या दिवसांत तो माझ्या सासरी यायचा, ओसरीवर घटकाभर बसायचा, काही काम नसायचं, आणि उठून जायचा.

वहिनीला काय झालं होतं हे मला कळलं ते अंगणवाडीत असताना. रक्ततपासणीचं शिबिर होतं, बायकांना गोळा करून आणायचं काम माझ्याकडे. तरुण डॉक्टरबाई सिकलसेलची लक्षणं सांगत होत्या. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर मरतात, अंगात रक्त टिकत नाही. डोळे पिवळे दिसतात. गारठ्यात, पाण्यात फार काम केलं की हाडं ठणकतात आणि तीन-चार दिवसांनी आपोआप उतरतं. अशा बाईला दिवस गेले तर तिला फार जपावं लागतं, वेळ पडली तर वरून रक्त द्यावं लागतं. मी सतरंजीवर खाली बसले. सोबतच्या मदतनीस बाईला वाटलं, मला ऊन लागलं. तिनं मला पाणी दिलं आणि माझ्या नोंदवहीत राहिलेली नावं तिनंच लिहिली. नंतर कधीतरी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन मी शब्दकोशही उघडला. नस्तरापुढे फारसीची खूण होती. नस तारण्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

दादा मागच्या वर्षी गेला. आता ज्याला सांगू नको म्हटलं होतं तो नाही, आणि ज्यांनी म्हटलं ते बाबाही नाहीत. या उन्हाळ्याच्या आधी, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा भरल्या होत्या त्या दिवसांत, मी बसनं बपेऱ्याला गेले. अनसूया तिथंच, गावातल्या गावात दिलेली. आता साठी उलटलेली, पण गालाची हाडं तशीच. तिनं मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर खाटेवरून उठून उभी राहिली. अंगणातल्या त्या खाटेवर बसून ती शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तलावावरचं, सपरीतलं, बाबांचा प्रश्न, माझं उत्तर, दोनदा लावलेली वाटी. नावाचा खरा अर्थही सांगितला, का ते मला माहीत नाही, कदाचित सगळं सांगायचं ठरवून गेले होते म्हणून. तिचे हात थांबले नाहीत. दाणे ताटलीत पडत होते.

माझं संपल्यावर ती म्हणाली, की दुखणं कवसलाला लहानपणापासूनच होतं. लग्न मोडेल म्हणून त्यांच्या आईनं ते सांगू दिलं नाही. कवसलाला देवाची शपथ घातली होती. आता अनसूयाच्या नातीला तेच निघालं आहे, रोज गोळी घेते, तुमसरला कॉलेजात जाते. हे सांगताना ती माझ्याकडे रागानं पाहत नव्हती, मायेनंही नाही. मग तिनं विचारलं, 'तुमच्या गावचे दोघं निरोप घेऊन आले होते. त्यायनं सांगतलं, का पोरगी हासत गेली. खरंच हासत गेली का सिंधूबाई?'

हो म्हणणं सोपं होतं. समोर म्हातारी बाई होती, आणि विचारत होती ती गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची.

'नाई,' मी म्हटलं. 'लय तरास झाला तिले. श्वास पुरत नव्हता. तुमच्या मायले हाका मारत होती.'

अनसूयाचे हात थांबले. तिनं ताटली बाजूला सरकवली.

'बरं झालं सांगतलं,' ती म्हणाली. 'माही माय मरेपर्यंत इचारत होती, पोरगी कायले हासली असन म्हून.'

मग ती माझ्यासाठी पाणी आणते म्हणून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.